काका, पाय उचलू नका! १९६८ची स्पिटफायर आणि माझा पहिला ट्रॅक डे

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस. आधी पैशांचं सांगतो, कारण घरात पहिला प्रश्न तोच आला होता. पंधरा-पंधरा मिनिटांची चार सेशन्स, प्रवेश फी ९,५०० रुपये. शेजारी ट्रेनर हवा असेल तर ३,५०० वेगळे. हेल्मेट भाड्यानं ५००. म्हणजे तासभर गाडी चालवायची आणि साडेतेरा हजार मोजायचे. बायको म्हणाली, "एवढ्यात बागेची एक फवारणी निघते." निघते, खोटं कशाला बोलू. तरी माझे पैसे वसूल झाले. फक्त ज्या गोष्टीसाठी भरले होते, तिनं ते वसूल झाले नाहीत.

मी राहतो नाशकात म्हसरूळला, द्राक्षाची बाग दिंडोरी तालुक्यात. गाडी आहे ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री, १९६८ची. इंजिन १,२९६ सीसी, ७५ घोड्यांचं, दोन एसयू कार्बोरेटर. देवळाली कॅम्पातल्या एका पारशी बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये ती कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभी होती, तिथून उचलली. लोकांना वाटतं, परदेशी गाडी म्हणजे पार्टच्या नावानं बोंब. ही गाडी मुळात ट्रायम्फच्याच हेराल्ड नावाच्या मोटारीच्या पोटातून आलेली आहे. दोन्हींची बॉडी इटलीच्या मिकेलोत्तीनं आखली, खालचा सांगाडा त्याच जातीचा. आणि हेराल्ड तर १९६१ पासून आपल्याकडे मद्रासला बनत होती. त्यामुळे स्पिटफायरचं नाव काढलं की हात वर करणारे मेकॅनिक हेराल्ड म्हटलं की बाह्या सरसावतात. भद्रकालीतले आमचे उस्ताद त्यातलेच. तरुणपणी त्यांनी नाशकातल्या डॉक्टर-वकिलांच्या हेराल्ड सांभाळल्या आहेत.

उस्तादांची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. या गाडीच्या पुढच्या चाकांच्या आत, खालच्या बाजूला, ट्रनियन नावाचा पितळी भाग असतो. स्टिअरिंग फिरवलं की उभा खांब त्याच्या आट्यांमध्ये फिरतो. आपल्याकडे ज्याला निपल दिसतं तो ग्रीसगन लावतो, ट्रॅक्टरची सवय. इथे ग्रीस चालत नाही, ९० नंबरचं गिअर ऑइलच लागतं. ग्रीस आत घट्ट होऊन बसतं, आटे कोरडे पडतात, पाणी शिरून गंज धरतो आणि एके दिवशी खांब तुटून चाक आडवं होतं. ही गाडी घ्यायचा कोणाचा विचार असेल तर रंग आणि क्रोम नंतर बघा, आधी खाली वाकून ट्रनियनला तेल पाजलंय का ते विचारा. ट्रॅकवर जायच्या आदल्या आठवड्यात उस्तादांनी दोन्ही बाजूंना तेल बाहेर येईपर्यंत पाजलं.

बाकी तयारीत सगळ्यात खर्चिक निघाला रोल हूप. उघडी गाडी, वर नुसतं कापडी छत. उलटली तर डोकं आणि डांबर यांच्यात काही नाही. आयोजकांची अट होती की उघड्या गाडीला डोक्याच्या वर जाणारी पोलादी कमान हवीच. अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून सीमलेस पाइपची करून घेतली, खाली सांगाड्याला बोल्ट करून. चौदा हजार. ब्रेक ऑइल बदललं, ते मात्र स्वस्तात झालं आणि त्याहून मोठं काम दुसरं नाही. हे तेल हवेतलं पाणी पीत राहतं. डॉट फोरचं नवं तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी प्यायलेलं तेच तेल १५५च्या आसपास उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. दुसऱ्या सेशनला शेजारच्या एका जुन्या हॅचबॅकचं पेडल सरळ तळाला गेलं. बिचारा दिवसभर बॉनेट उघडून बसला होता. पेट्रोलच्या रबरी नळ्याही मी इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, कारण वीस टक्केवाल्या पेट्रोलनं जुनं रबर मऊ पडून सुटायला लागतं.

हवेची एक गंमत. टायर १३ इंची, १५५ मापाचे. या गाडीत पुढे २१ आणि मागे २६ पौंड हवा ठेवतो मी. मागची मुद्दाम जास्त, कारण पुढे सांगतो. दिंडोरी रोडचा हवावाला दर वेळी माझ्याशी वाद घालतो. त्याच्या मते चारही चाकांत तीस. "नाना, पुढच्यात हवाच नाही, चाकाची डिस्क वाकंल." मी उतरून उभा राहतो, तेव्हा कुठे २१ भरतो.

डिसेंबरचा शेवटचा रविवार. आमच्याकडे त्या दिवसांत निफाडपट्ट्यात पारा सहा-सात अंशांवर येतो आणि आम्हाला मणी तडकण्याची धास्ती असते, त्यामुळे बाग सोडून जायला जीव होत नव्हता. पुतण्या म्हणाला, "नाना, एका दिवसात द्राक्षं पळून जात नाहीत." क्रेट वाहायची आमची चौदा फुटी आयशर आहे. स्पिटफायर बारा फूट आणि वर तीन-चार इंच, त्यामुळे नीट बसते. ट्रॅक्टर चढवतो तशी चढवली: आयशरचा मागचा फाळका बांधाला टेकवायचा आणि गाडी मातीवरून सरळ आत न्यायची. पहाटे अडीचला चोक ओढून चालू केली, तेव्हा आख्खी गल्ली जागी झाली असणार. सिन्नर, संगमनेर, आळेफाट्याला चहा, चाकण, आणि मग तळेगावच्या बाजूला ट्रॅक. साडेसातला पोचलो. ट्रॅकचं आणि आयोजकांचं नाव देत नाही, कारण पुढे थोडं कुरकुरणार आहे.

कुरकुर लगेच उरकतो. सूचना द्यायला पाऊण तास उशीर. सगळी माहिती भरभर इंग्रजीत, मागच्या रांगेतल्या निम्म्यांना निळा (मागच्याला वाट द्या) आणि पिवळा (पुढे धोका) झेंडा यातला फरक कळला नव्हता. जेवणाचा पुलाव थंड. फोटोवाल्यानं एका फोटोचे ४०० मागितले. आणि नवशिक्यांच्या गटात तीनशे-तीनशे घोड्यांच्या जर्मन गाड्या घातल्या होत्या, कारण मालक नवशिके होते. गाडी बघून गट पाडायला हवा होता, हे मी तिथेही बोललो.

तपासणी मात्र कडक, आणि त्याबद्दल पूर्ण मार्क. बॅटरी हलवून बघितली, तेल गळतंय का बघितलं, काचेच्या हेडलाइटवर चिकटपट्टीची फुली मारायला लावली, म्हणजे फुटल्या तर तुकडे ट्रॅकवर पसरत नाहीत. आत काही सुटं नको म्हणून सीटखाली हात घातला तर छाटणीची कात्री निघाली. ऑक्टोबरपासून मी ती शोधत होतो. तपासणारा पोरगा कात्रीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

ट्रेनर म्हणून एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी आली. मला वाटलं, हिला ही गाडी काय कळणार. तिनं बॉनेट उघडायला सांगितलं. स्पिटफायरचं आख्खं नाक, मडगार्डसकट, पुढच्या बाजूला उलटतं. ते बघून ती हसली आणि खाली वाकून मागच्या चाकांकडे गेली. "स्विंग अॅक्सल आहे ना काका? मग आज एकच गोष्ट शिकायची. वळणात पाय उचलायचा नाही."

पहिल्या सेशनमध्ये ती शेजारी. या मॉडेलला काटे डॅशबोर्डच्या मधोमध असतात, त्यामुळे आरपीएम माझ्यापेक्षा तिलाच नीट दिसत होते. ब्रेक सरळ रस्त्यावर, गाडी पूर्ण सरळ असताना. मग पाय ब्रेकवरून काढून अॅक्सिलरेटरवर, हलका पण स्थिर. मग स्टिअरिंग. वळणाच्या आत जिथे शंकू ठेवलाय तिथे चाक घासून न्यायचं, आणि बाहेर पडताना हळूहळू दाबत जायचं. ऐकायला सोपं. मी तीस वर्षं वणीवरून सापुताऱ्याचा घाट चढ-उतार केलाय, कसारा घाट कांद्याच्या ट्रकांमागे काढलाय. घाटात पायाला एकच शहाणपण कळतं: शंका आली की उचल. माझा पाय दर वळणात उचलायचा आणि दर वळणात तिचा आवाज यायचा, "काका, पाय उचलू नका." चौथ्या फेरीला मी चिडून म्हणालो, "अगं, पण समोर काय आहे ते दिसू तरी दे." ती म्हणाली, "ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही काका." या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं सेशन छान झालं. एकटा होतो. ब्रेकला बूस्टर नाही, मांडीनं दाबावा लागतो, पण पुढच्या डिस्क धरतात. वजन सातशे किलोच्या आसपास, त्यामुळे गाडी वळायला कंटाळत नाही. स्टिअरिंगमधून डांबराचा खडा न् खडा हातात येतो. सरळ रस्त्यावर काटा ६८ मैलांवर गेला, म्हणजे १०९ किलोमीटर. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "एवढ्या वेगानं तर तुम्ही मुंबई-आग्रा रस्त्यावर रोज जाता." तिला कसं सांगू की ढुंगण जमिनीपासून वीतभर वर असलं की साठ मैल म्हणजे काय.

तिसऱ्या सेशनमध्ये आरशात एक जर्मन गाडी आली. मोठी, पांढरी, दिवे लावलेली. नियम असा की सरळ रस्त्यावर पुढच्यानं हात दाखवला तरच मागच्यानं जायचं. मी हात दाखवायला विसरलो आणि उजव्या वळणात शिरलो. ती आरशात मोठी होत गेली आणि माझा पाय, तीस वर्षं माझी काळजी घेतलेला पाय, आपोआप वर आला.

या गाडीची मागची चाकं फाटकासारखी आहेत. प्रत्येक अर्ध्या अॅक्सलला एकच सांधा, तोही आतल्या टोकाला, डिफरन्शियलपाशी. बाहेरच्या टोकाला चाक पक्कं. पाय उचलला की वजन पुढे जातं, शेपूट हलकं होऊन वर उठतं, आणि चाकाचा तळ गाडीच्या खाली वळतो. मोडक्या खाटेचा पाय आत दुमडतो ना, तसा. मग टायर कडेवर उभा राहतो आणि पकड जाते. १९७०च्या मार्क फोरपासून मागचा पाटा (आडवी स्प्रिंग) मध्ये झुलता करून कंपनीनं हे बरंच आवरलं. माझी त्याआधीची. मागे हवा जास्त ठेवायची ती याचसाठी, शेपटीनं निदान घाई करू नये म्हणून.

गाडी एकदा पूर्ण फिरली आणि वर आणखी अर्धी. पहिली गोष्ट जाणवली ती शांतता, कारण इंजिन बंद पडलं होतं. मग वाळल्या गवताचा वास, मग पेट्रोलचा. मी जिकडून आलो तिकडेच तोंड करून गवतात उभा होतो आणि मार्शल पिवळा झेंडा हलवत होता. हात वर करून ठीक आहे असं दाखवलं. दुसऱ्या सेल्फला चालू झाली. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद पाडणारी रिंग) नाही, हात थरथरत असल्यानं तो किरकिरत पडला. दोष गाडीला देणार नाही. पाय उचलला की ती काय करते ते ५० वर्षांपासून सगळ्यांना माहीत आहे, सकाळी मला तोंडी सांगितलंही होतं.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, ट्रेनर उभीच होती. ओरडली नाही. "उचललात ना?"

"उचलला."

"हँडब्रेक लावू नका, मागचे ड्रम तापलेत. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. चहा घ्या. चौथ्याला मी बसते."

चौथ्या सेशनला तिनं वेगळंच केलं. प्रत्येक वळणाआधी मला मोठ्यानं बोलायला लावलं. ब्रेक. सोडला. लावला. धरला. बैल हाकल्यासारखं. त्याच उजव्या वळणात तीच पांढरी गाडी मागे आली. या वेळी आधीच्या सरळ रस्त्यावर मी हात दाखवला, ती सुर्रकन गेली, आणि रिकाम्या वळणात मी "धरला, धरला, धरला" ओरडत बाहेर पडलो. मागचं शेपूट थोडं बसलं आणि गाडीनं स्वतःला बाहेर ढकललं. पंधरा मिनिटांत असं नीट दोनदाच जमलं. साडेतीन हजार तिथे फिटले. नुसती नऊ हजार पाचशेची एंट्री घेऊन ट्रेनर न घेता जाणाऱ्यानं, निदान मागे स्विंग अॅक्सल असलेल्या गाडीत, घरीच बसावं.

येताना चंदनापुरी घाटात आयशर पुतण्या चालवत होता. प्रत्येक वळणाला पाय उचलत होता. मी गप्प बसलो, समोरून ट्रक येत होते.

सोमवारी उस्तादांनी गाडी जॅकवर घेतली. टायरची बाहेरची कड चांगलीच खाल्ली होती, बाकी सगळं शाबूत. ट्रनियनपाशी अडकलेली गवताची मूठभर काडी त्यांनी ओढून काढली, नाकाशी धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"नाना, गाडी को चराने ले गए थे क्या?"