लीन ४ आणि चॅटबॉट: सिद्धता तपासायला ही जोडी कशी आहे?

बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात गणितात एम.एस्सी. करणाऱ्यांनी लीन ४ (सिद्धतेची प्रत्येक पायरी संगणकावर तपासणारी भाषा) जरूर वापरावं. फुकट आहे, आणि चॅटबॉटच्या सिद्धतेवर डोळे मिटून विसंबण्यापेक्षा कितीतरी भरवशाचं. चॅटबॉट बोलतो छान, पण मधली पायरी खुशाल गाळतो. लीन ती मागतंच.

व्हीएस कोड या कोड-संपादकात लीनचं एक्स्टेन्शन घ्या, मॅथलिब (लीनमधल्या सिद्ध प्रमेयांचं भांडार) जोडलेला प्रकल्प उघडा आणि आधी 'लेक एक्झे कॅश गेट' (lake exe cache get) ही आज्ञा चालवा, म्हणजे तयार बांधलेली मॅथलिब उतरते. हे विसरलात तर अख्खी मॅथलिब तुमच्याच लॅपटॉपवर बांधली जाते. तासन्‌तास पंखा घरघरत राहतो.

खरा धोका नैसर्गिक संख्यांत. तिथे २ − ५ चं उत्तर ० येतं, कारण त्या प्रकारात ऋण संख्या नाहीतच. चॅटबॉट विधान लिहिताना नेमका इथेच घसरतो: 'नो गोल्स' (म्हणजे सिद्ध करायचं काही उरलं नाही) दिसतं, पण सिद्ध भलतंच झालेलं असतं. म्हणून विधान स्वतः ओळीओळीने वाचा, वजाबाकी असेल तर पूर्णांक घ्या. शेवटी 'प्रिंट ॲक्झिअम्स' (#print axioms) चालवा, सिद्धता कोणत्या गृहीतकांवर उभी आहे ते दिसतं. कुठे 'सॉरी' (न केलेल्या सिद्धतेच्या जागी टाकलेला शब्द) लपलं असेल तर उघडं पडतं. 'बिगिन-एंड' दिसलं तर तो जुना लीन ३ चा कोड, सरळ पुन्हा लिहून मागा. प्रमेयाचं नाव चॅटबॉटने मनाने रचलं असेल तर 'एक्झॅक्ट?' वापरा, मॅथलिबमध्ये असेल ते शोधून देतं.

घाई असेल त्यांनी मात्र थांबावं: २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचे तीन प्रश्न गुगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ या एआयने लीनमध्येच सोडवले, तेव्हा काहींना तीन दिवसांपर्यंत वेळ लागला.