डीएचएलएसचं एक वर्ष: शिकवणं झकास, फ्लेक्स फसवा

संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि तिथल्या मॅडमशी माझं अजून छान जमतं. पुण्यात, डेक्कनच्या बाजूला, नदीपात्रापासून हाकेच्या अंतरावर, एवढं पुरे. कोर्स डिप्लोमा इन हिअरिंग, लँग्वेज अँड स्पीच, म्हणजे डीएचएलएस. बारावी सायन्सनंतर एक वर्ष. नीटच्या मार्कांवर बोलून बोलून घरातले सगळे थकले तेव्हा आत्यानं हे सुचवलं.

आधी फ्लेक्सबद्दल. जिन्यापाशी मोठ्या अक्षरांत आहे, ‘एका वर्षात स्पीच थेरपिस्ट व्हा!’ नाही होत. थेरपिस्ट व्हायचं तर बीएएसएलपी, म्हणजे ऐकणं-बोलणं याच विषयातली पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षं. पुण्यात ते भारती विद्यापीठात करता येतं. डीएचएलएस करून तुम्ही असिस्टंट होता. ऐकण्याची चाचणी घ्यायची, थेरपिस्टनं आखून दिलेले व्यायाम मुलाकडून करून घ्यायचे, नोंदी ठेवायच्या, पालकांना घरचा सराव समजावून द्यायचा. निदान करणं आपलं काम नाही. माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात आहे, तिच्याशी यावर बोलणं झालं. तिकडे कम्युनिटी कॉलेजात याच कामासाठी साधारण दोन वर्षांची असोसिएट डिग्री असते, आणि आशा नावाची तिथल्या स्पीच आणि हिअरिंग तज्ज्ञांची संघटना २०२० पासून असिस्टंटना वेगळं प्रमाणपत्र देते, त्याला १०० तासांचं फील्डवर्क लागतं. तिथेही निदान थेरपिस्टचंच. असिस्टंट असण्यात कमीपणा काहीच नाही. पण मग फ्लेक्सवर तसं लिहा की! आमच्या बॅचमधल्या दोघींना हे दिवाळीनंतर कळलं. एकीच्या वडिलांनी ऑफिसात येऊन जो आवाज चढवला, तो आवाज मोजायच्या मीटरशिवायही मोजता आला असता.

प्रवेशाआधी एक गोष्ट नक्की करा. कोर्सला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता आहे का, तीही तुमच्या वर्षाच्या बॅचला, ते परिषदेच्या यादीत स्वतः बघा. पास झाल्यावर सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, तिथूनच मिळतो. १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं आहे. हजार रुपये ऐकून वर्गात हशा पिकला. पण नंबर नसेल तर बरी नोकरी देणारा माणूस तुमचा बायोडाटा वाचतसुद्धा नाही. आमच्या संस्थेची मान्यता व्यवस्थित होती, हे सांगायला हवं.

आता ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी. शिकवलं उत्तम. १००० हर्ट्झपासून सुरू करायचं, ऐकू आलं की १० डेसिबल खाली, नाही आलं की ५ वर, हे बोटांत इतकं भिनलंय की झोपेतही करीन. पण चाचणीचा तो बाहेरचा आवाज अडवणारा बूथ! दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलेलं. एरवी चालून जातं, पण गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की संपलं. संध्याकाळच्या बॅचला माझीच चाचणी घेतली, तर २५० आणि ५०० हर्ट्झला उंबरठा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा आवाज, ३५ डेसिबल, आणि १००० पासून पुढे सगळं १० च्या आत. कान ठणठणीत, पण आलेख बघून कुणीही मला डॉक्टरकडे पाठवलं असतं. ढोलाचा आवाज खालच्या पट्टीतला, तो भिंतीतून आरपार येतो आणि चाचणीचा त्याच पट्टीतला हळू सूर गिळून टाकतो. मॅडमनी त्याचाच धडा केला: अशा वेळी चाचणी थांबवायची, नाहीतर फॉर्मवर ‘बाहेर गोंगाट’ असं स्वच्छ लिहायचं. मॅडमना पैकीच्या पैकी मार्क. ऑफिसला शून्य, कारण रबर मी बाहेर पडले तेव्हाही तसंच होतं.

क्लिनिक मात्र खरंखुरं आहे, आणि फी वसूल होते ती तिथेच. साडेचार वर्षांचा एक मुलगा यायचा, ‘क’च्या जागी ‘त’ म्हणणारा. काकाला ताता, केळ्याला तेळं. ऐकू स्वच्छ यायचं, जिभेचं टोक मात्र पुढे धावायचं. मॅडमनी दोन चित्रं दिली, लाल कार आणि विजेची तार. नियम एवढाच, तो जे म्हणेल तेच चित्र त्याच्या हातात द्यायचं. तो कारकडे बघत ‘तार’ म्हणाला, मी तार दिली. त्यानं ती टेबलावर आपटली. पुन्हा ‘तार’. पुन्हा तार. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की बाईला काही समजतच नाही. मग मॅडमनी त्याला मान मागे टाकून गुळण्या केल्याचा खेळ करायला लावला, चमच्यानं जिभेचं टोक खाली धरलं, आणि घशातून एक ओबडधोबड ‘क्क’ निघाला. लगेच कार हातात. त्या दिवशी गाडी घेऊन तो घरी निघाला तेव्हा आईनं ‘चित्र परत दे रे’ म्हटलं. मॅडम म्हणाल्या, राहू दे. पुढे कितीतरी दिवस घरी त्याचं तारच चालू होतं, हेही सांगते. एका ‘क्क’नं बोलणं सुधारत नसतं.

साहित्याबद्दल बोलायलाच हवं. कपाटात महागडे इंग्रजी कार्डसंच: झेब्रा, इग्लू, व्हायोलिन. समोर मुलं धायरी, वारजे, मंचरची. ‘ळ’ आणि ‘ण’चा सराव त्यातून करून घेणार कसा? शेवटी आम्हीच कार्डं काढली: कणीस, बाण, फणस, नळ, माळ. अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणली, लॅमिनेशनचे पैसे वर्गणी काढून दिले. नोट्सही इंग्रजीत आणि परीक्षाही, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले दोन-तीन महिने जड जातात. तेवढे रेटून न्या.

श्रवणयंत्रासाठी कानाचा साचा घेण्याचं प्रॅक्टिकल छान. धागा बांधलेला कापूस आत सरकवून मगच साच्याचा मसाला भरायचा, नाहीतर तो पडद्यापर्यंत जाऊ शकतो. मॅडम प्रत्येकाचा कापूस स्वतः टॉर्चनं बघायच्या, एकदाही कंटाळा नाही.

नोकरीचं म्हणाल तर श्रवणयंत्रांची दुकानं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचे दवाखाने, कर्णबधिर मुलांच्या शाळा. पगार सुरुवातीला बेताचाच. मी सध्या एका दवाखान्यात आहे, काम आवडतंय, दोन वर्षांनी बीएएसएलपीचं बघणार. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ म्हणजे नोटीस बोर्डावर चिकटवलेले फोन नंबर. त्यातले अर्धे लागत नाहीत.

५ पैकी साडेतीन. दीड मार्क फ्लेक्स आणि रबराचा कापला. फी हप्त्यांत घेतात, पण पावती तिथल्या तिथे मागा. आणि हडपसरहून येणार असाल तर सकाळची बॅच घ्या. संध्याकाळी परत जाताना बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, शिवाय ढोल आहेतच.