गंजक्या लोखंडाचा लूक हवाय: खरं कॉर्टेन लावायचं की गंजरंगाचं ॲल्युमिनियम?

बिल्डिंगचं एलिव्हेशन ठरवायला बसलं की हल्ली आर्किटेक्टकडून एक रेंडर हमखास येतो, अर्धी भिंत तपकिरी-केशरी गंजलेल्या पत्र्याची, शेजारी काँक्रीट आणि काच, आणि दिसतं पण जबरदस्त. मग प्रश्न येतो की खरं कॉर्टेन घ्यायचं, म्हणजे हवेत गंजून त्याच गंजाच्या थराने स्वतःला झाकून घेणारं पोलाद, की तसा रंग दिलेलं ॲल्युमिनियम नाहीतर एसीपी (दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये गाभा भरलेलं पॅनेल) लावून मोकळं व्हायचं. मला खरं कॉर्टेन मनापासून आवडतं, तरी सांगतो की हा निर्णय पाण्याकडे बघून घ्या. तुमच्या प्लॉटवर ओला झालेला पत्रा किती वेळात सुकतो आणि त्यावरून ओघळलेलं पाणी कुठे पडतं, या दोन गोष्टी कळल्या की बाकी बरंचसं आपोआप ठरतं.

हे पोलाद नवीन नाहीये. युएस स्टील कंपनीने ते १९३३ मध्ये बाजारात आणलं, तेही मालगाडीच्या वॅगनसाठी, आणि आपल्या रेल्वेच्या डब्यांत आणि बंदरावरच्या कंटेनरमध्येही याच जातीचं पोलाद असतं, फक्त वरून पेंट असतो म्हणून कळत नाही. त्यात थोडं तांबं, क्रोमियम, फॉस्फरस घातलेलं असतं. साध्या लोखंडाचा गंज भुसभुशीत, पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड परत उघडं पडतं आणि परत गंजतं. कॉर्टेनवर मात्र दोन-चार वर्षांत घट्ट, बारीक थर बसतो आणि गंजण्याचा वेग एकदम कमी होतो. थांबत नाही हां, कमी होतो. आणि अट एकच, पत्रा ओला होऊन पुन्हा नीट सुकला पाहिजे, असं वारंवार झालं पाहिजे. सतत ओला राहिला किंवा त्यावर मीठ बसत राहिलं तर तो थर धरतच नाही आणि मग महागाचं कॉर्टेन आणि साधं लोखंड (एमएस) यात फारसा फरक उरत नाही.

हे कुणी शोधून काढायचं शिल्लक नाहीये, अमेरिकेत सगळं होऊन गेलंय. १९६४ ला इलिनॉयमधल्या मोलीनला जॉन डिअर कंपनीचं मुख्यालय याच पोलादात उभं राहिलं, आर्किटेक्ट एरो सारिनेनचं डिझाइन, भोवती झाडं आणि तळं, ओघळ पडला तर मातीत पडणार, त्यामुळे ती बिल्डिंग आजही सुंदर दिसते. मग हाच प्रकार शहरात आला. पिट्सबर्गला १९७० च्या सुमारास युएस स्टीलने स्वतःचाच ६४ मजली टॉवर कॉर्टेनमध्ये बांधला आणि पहिली काही वर्षं त्यावरून उतरलेल्या पाण्याने खालचे फुटपाथ आणि शेजारच्या इमारती डागाळल्या, कंपनीला नंतर साफसफाई करून द्यावी लागली. पोलाद बनवणाऱ्याच कंपनीच्या बिल्डिंगला हे झालं, तर आपल्या गल्लीतल्या कमर्शियल कॉम्प्लेक्सला होणार नाही असं समजण्यात अर्थ नाही. ॲटलांटाचं ओम्नी स्टेडियम (१९७२) तर आपण नीट बघायला हवं, कारण तिथली हवा दमट. गंज थांबलाच नाही, भिंतीला माणूस आत शिरेल एवढी भोकं पडली, जाळ्या लावाव्या लागल्या आणि १९९७ ला ते पाडलं. होनोलुलूच्या अलोहा स्टेडियमला समुद्राच्या खाऱ्या हवेने तसंच छळलं.

पण म्हणून शहरात कॉर्टेन चालतच नाही असं मुळीच नाही. इंग्लंडमध्ये लीड्सला २००९ चं ब्रॉडकास्टिंग प्लेस बघा, २३ मजल्यांपर्यंत कॉर्टेन आहे. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटर स्टेडियमला २०१२ मध्ये सुमारे १२,००० पॅनेल लावली, ती आधी इंडियानापोलिसच्या कारखान्यात महिनोन्महिने ओली-सुकी करून गंजवून घेतली, म्हणजे सुरुवातीचा सगळ्यात घाण ओघळ कारखान्यातच निघून जावा. तरीही थोडे डाग पडतातच, पण कमी.

आता आपल्याकडचं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा इथे बाहेरच्या क्लॅडिंगला (भिंतीवर चढवायच्या आवरणाला) खरं कॉर्टेन मी तरी कुणाला सुचवणार नाही. ब्रिटनमध्ये किनाऱ्यापासून साधारण २ किलोमीटरच्या आत टाळा असं सांगतात, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून जे वारं सुटतं ते बघता मी त्याहून बरंच आत येईपर्यंत नाहीच म्हणेन. लोणावळा-महाबळेश्वरलाही नाही, तिथे मीठ नाही पण पावसाळाभर धुकं आणि पाऊस, पत्रा सुकणार कधी? पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर ही मात्र कॉर्टेनसाठी चांगली गावं आहेत, वर्षातले सात-आठ महिने कोरडे, ऊन कडक, समुद्र लांब. तिथेही दोन बिल्डिंगच्या मधली अरुंद, ऊन न लागणारी उत्तरेची बाजू सोडून द्या, रस्त्याकडची किंवा पश्चिमेची मोकळी बाजू घ्या.

ॲल्युमिनियमला ही भौगोलिक कटकट जवळजवळ नाही. चांगलं पीव्हीडीएफ कोटिंग (ऊन-पावसात टिकणारा रंगाचा थर) असलेला पत्रा मुंबईतही टिकतो, ओघळ पडत नाही, खाली पार्क केलेल्या पांढऱ्या गाडीवर डाग नाहीत, भिंतीला टेकलेल्या माणसाच्या शर्टाला रंग लागत नाही (खऱ्या कॉर्टेनचा लागतो, म्हणून लॉबीच्या दारापाशी आणि हात लागेल अशा उंचीवर ते नकोच). वजनात तर तुलनाच नाही. ३ मिमी कॉर्टेन चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतं, २ मिमी घेतलं तरी पावणेसोळा, आणि ४ मिमी एसीपी साडेपाच ते साडेसात किलो. म्हणजे मागचा सांगाडा, अँकर, चढवायची क्रेन सगळं वाढतं आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो, नुसत्या पत्र्याचा भाव विचारून तुलना करू नका. एका बाबतीत पोलाद सरस, ते उन्हात कमी पसरतं. ३ मीटरचं पॅनेल ४० डिग्रीच्या फरकाला दीड मिमीच्या आसपास वाढतं, ॲल्युमिनियम जवळपास त्याच्या दुप्पट, आणि फॅब्रिकेटरने स्क्रूची भोकं घट्ट ठेवली तर एप्रिलमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लाटा दिसायला लागतात.

आगीबद्दल मात्र अजिबात तडजोड नको. कॉर्टेन जळत नाही. एसीपीमध्ये दोन पातळ ॲल्युमिनियमच्या मधे काय भरलंय त्यावर सगळं आहे, साधा पॉलिथिलीनचा गाभा असेल तर तो पेटतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ ला असल्याच पॅनेलवरून आग वर चढली आणि ७२ माणसं गेली. स्वस्तात गंजलूक एसीपी देतो म्हणणाऱ्याला आधी गाभ्याचा टेस्ट रिपोर्ट मागा, आणि बजेट असेल तर गाभा नसलेलं ३ मिमी सॉलिड ॲल्युमिनियमच घ्या. कॉर्टेनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये, पत्र्याच्या मागचं इन्सुलेशन कोणतं आहे ते बघावं.

दिसण्यात खरं कॉर्टेन पुढे आहे, यात मला शंका नाही. पाऊस पडला की ते गडद चॉकलेटी होतं, सुकलं की परत उजळतं, ज्या बाजूला पाऊस झोडपतो ती एका रंगाची आणि छज्ज्याखालची दुसऱ्या रंगाची होते. छापील गंजाच्या एसीपीत जवळ जाऊन बघा, तोच ढगासारखा डाग, तोच आडवा ओरखडा दर काही फुटांवर परत येतो, आणि पॅनेल दुमडलेल्या कोपऱ्यात रंग ताणल्यासारखा दिसतो. लांबून, चौथ्या मजल्यावर, हे कुणालाच कळत नाही. म्हणून पुण्यासारख्या ठिकाणी मला पटणारा मार्ग हा की रस्त्यावरून नजरेत भरणारा एखादा भाग, एखादी मोठी भिंत किंवा जिन्याचा टॉवर, तेवढा खऱ्या कॉर्टेनमध्ये करा आणि वरचे मजले एकरंगी कोटिंगच्या सॉलिड ॲल्युमिनियममध्ये. एमएसच्या पत्र्याला ॲसिडने गंजवून वर लॅकर मारून देणारेही भेटतील, बाहेरच्या भिंतीसाठी त्यांच्याकडे वळूसुद्धा नका.

कॉर्टेन ठरलंच तर पैसा डिटेलिंगवर घाला. पत्र्याच्या मागे हवा खेळेल एवढी पोकळी, वर आणि खाली उघडी, कारण मागच्या बाजूला ऊन लागत नाही आणि जुलैत तीच बाजू ओली राहते. पाणी साचेल अशी एकही आडवी कड नको, दोन पत्रे एकावर एक चढवून मधे फट ठेवू नका. बोल्ट स्टेनलेसचे, गॅल्व्हनाइज्ड नकोत, त्यांचं जस्त आधी खाल्लं जातं. खाली पागोळ्या पडतात तिथे शहाबादी, कोटा किंवा फिकट ग्रॅनाइट घालू नका, खडीचा पट्टा किंवा काळा दगड ठेवा आणि ते पाणी वेगळ्या चॅनेलने काढा. पत्र्याखाली खिडकी असेल तर ओघळ काचेवर येणार नाही असा बाहेर काढलेला ड्रिप, म्हणजे पाणी पुढे टाकणारी कड, पाहिजेच. पोस्टर चिकटवले जातात, पिचकाऱ्या मारल्या जातात त्या उंचीवर कॉर्टेन लावू नका, कारण तिथे घासून साफ केलं की गंजाचा थरच निघतो आणि तो ठिपका बरेच महिने वेगळा दिसत राहतो.

ऑर्डर देताना मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलादात काय किती आहे याचा कारखान्याचा दाखला) घ्या आणि तांबं साधारण ०.२५ ते ०.५५ टक्के आहे का ते स्वतः वाचा. आपल्या सरकारी सेल कंपनीचं सेलकोर नावाचं असंच पोलाद मिळतं, आयएस ११५८७ हे आपलं मानक आहे, नुसतं कॉर्टेन टाइप असं लिहिलेलं कोटेशन परत पाठवा. हॉट रोल्ड पत्रा असेल तर वरची काळी खपली ब्लास्टिंग करून (बारीक कणांचा जोरात मारा करून) काढायला सांगा, नाहीतर भिंत चट्ट्यापट्ट्याची होते. वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या दर्शनी बाजूवर ऑइल पेंटने नाहीतर मेणाच्या खडूने नंबर टाकायची सवय असते, ते नंबर गंजातूनही दिसत राहतात, तेव्हा मार्किंग मागच्या बाजूलाच असं वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. आणि वेळ असेल तर त्याच लॉटचा दोन फुटी तुकडा मे महिन्यात साइटवर उभा करा, खाली तुम्ही ठरवलेल्या फ्लोअरिंगची एक टाइल ठेवा, ऑक्टोबरमध्ये पत्रा आणि टाइल दोन्ही बघून मग पूर्ण माल मागवा.