रानडुकरासाठी काडतूस: एलजी, बॉल की .३१५?

तुरीला शेंगा धरल्या आणि पऱ्हाटीला बोंडं लागली की विदर्भात जंगलकाठच्या गावांत जागल सुरू होते. ज्यांच्याकडे पीक संरक्षणासाठी परवान्याची बंदूक आहे, ते याच दिवसांत नागपूर-अमरावतीच्या दुकानात काडतुसं घ्यायला जातात. काउंटरवर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "सगळ्यात जोरदार कोणतं?" डुकरासाठी चालणाऱ्या सगळ्याच काडतुसांत जोर पुरेसा असतो. विचारायला हवं ते दुसरंच. माझ्या वावरात बार किती अंतरावर होणार, आणि डुकराच्या मागे काय आहे? या दोन उत्तरांवर काडतूस ठरतं.

कागदांचं आधी बोलतो, कारण त्याशिवाय पुढचं सगळं निरर्थक आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ प्रमाणे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायचं तर कलम ११ खाली अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. बंदुकीचा परवाना हा वेगळा कागद आणि हा आदेश वेगळा. एक आहे म्हणून दुसरा आहे असं होत नाही. मारलेलं जनावर सरकारजमा होतं. त्याचं मटण वाटणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. पुढे जे लिहिलं आहे ते हे दोन्ही कागद हातात असलेल्या शेतकऱ्यासाठी आहे.

गावाकडे बहुतेकांकडे बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) एकनळी किंवा दुनळी असते. तिची देशी काडतुसं म्हणजे मुख्यतः पुण्याजवळच्या खडकी कारखान्यातली 'शक्तिमान'. हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे. खोक्यावरची अक्षरं छऱ्याचा आकार सांगतात. एलजीचा छर्रा साधारण ९ मिलिमीटरचा, एसजीचा साडेआठच्या आसपास, बीबीचा जेमतेम ४ मिलिमीटरचा, आणि ४ नंबर, ६ नंबर त्याहून बारीक. छर्रा मोठा तितके ते काडतुसात कमी मावतात. एका औंसात एलजीचे ६ छर्रे बसतात, एसजीचे ८, आणि बीबीचे ७० च्या घरात.

बीबीचा निकाल इथेच लावतो. सत्तर छर्रे म्हटल्यावर काहींना वाटतं, एखादा तरी लागेलच. लागतो, पण लागून उपयोग काय? मोठ्या नराच्या खांद्यावर चामडीखाली कुर्च्यासारखा जाड थर असतो. बारीक छर्रे त्यातच अडकतात. डुक्कर पळतं, चार दिवस सडत मरतं, किंवा सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईला पांदणीत जखमी अवस्थेत भेटतं. बीबी, ४ नंबर, ६ नंबर डुकरासाठी घेऊच नयेत. हुसकवायचं असेल तर फटाका आणि आरोळी पुरते. अंगावर बारीक छर्रे मारून पळवून लावणं हा क्रूरपणा आहे, आणि गावासाठी धोकाही.

आता खरी तुलना एलजी आणि बॉलची. बॉल म्हणजे काडतुसात एकच मोठी शिशाची गोळी.

एलजीची ताकद जवळच्या अंतरात आहे. वीस-पंचवीस मीटरपर्यंत चार-पाच जड छर्रे एकाच जागी बसतात आणि डुक्कर तिथल्या तिथे पडतं. त्यापुढे छर्रे पांगतात, आणि पस्तीस मीटरवर एखादाच लागून जनावर जखमी होण्याची शक्यता फार वाढते. मचाणावरून, उजेडात, ओळखीच्या वाटेवर येणाऱ्या डुकराला एलजी उत्तम. एसजीत छर्रे दोन-तीन जास्त मिळतात आणि काही नळ्यांतून तो जास्त सारखा बसतो. दोघांतलं कोणतं, हे तुमची नळी ठरवते. दुकानदाराला ते सांगता येणार नाही.

बॉल चाळीस-पन्नास मीटरपर्यंत नेम धरून मारता येतो, आणि त्याचा घाव एकच पण खोल असतो. अडचण अशी की बहुतेक दुनळीत नेम धरायला माशीशिवाय (नळीच्या टोकावरचा मणी) दुसरी खूण नसते. त्यामुळे नेम चुकला की पूर्ण चुकतो. दुसरी अडचण चोकची. नळीचं तोंड आतून जितकं आवळलेलं, तितकी ती बॉलला गैरसोयीची. फुल चोकच्या नळीतून बॉल मारू नये. साधारणपणे दुनळीत एक नळी मोकळी आणि दुसरी जास्त आवळलेली असते. आपली कोणती ते बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून एकदा मोजून घ्यावं. मोकळ्या नळीत बॉल, आवळलेल्या नळीत एलजी अशी जोडी ठेवणारे जुने जाणकार आहेत, आणि मला ती पद्धत पटते.

पण बॉल नको म्हणायला माझ्याकडे सगळ्यात मोठं कारण जमिनीचं आहे. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या काळ्या जमिनीत चुकलेली गोळी रुतून बसते. तीच गोळी बरडावर, मुरमाड टेकाडावर आपटली की उसळून कुठेही जाते. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत पाणी उभं असतं, तिथे तर विचारायलाच नको. पाण्यावर कमी कोनात पडलेली गोल गोळी बुडत नाही, टप्पा घेऊन पुढे जाते. चुकलेला बॉल हजार मीटरच्या पुढे जाऊ शकतो. एलजीचे छर्रेही सहा-सातशे मीटर जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. "छर्राच आहे, कुठे जाईल" असं म्हणून शेजारच्या धुऱ्याकडे नळी करू नये. शेजारीही त्याच रात्री त्याच्या मचाणावर जागलीला असतो.

यावर उपाय मचाण आहे. दहा-बारा फूट उंचीवरून वीस मीटरवर बार केला की गोळी खाली जाते आणि डुकरामागच्या मातीत शिरते. जमिनीवर उभं राहून केलेला तोच बार आडवा जातो. काडतुसावर शंभर रुपये जास्त खर्च करण्यापेक्षा मचाण दोन फूट उंच करा, त्याने जास्त फरक पडतो.

काहींकडे .३१५ ची (हे नळीचं माप, इंचात) रायफल असते. इच्छापूरच्या कारखान्यातली ही रायफल ली-एनफिल्डच्या बांध्यावर बेतलेली, पण काडतूस मात्र जुन्या ऑस्ट्रियन ८ मिलिमीटर मॅनलिखरच्या घराण्यातलं. कारण सरळ आहे. .३०३ हे लष्करी बोअर, ते सामान्य नागरिकाला वर्ज्य. .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम, आणि नळीतून सेकंदाला सहाशे मीटरहून जास्त वेगाने निघते. शंभर मीटरवर उभं असलेलं डुक्कर एका गोळीत पाडायला ती भरपूर झाली. इथे सॉफ्ट नोजच घ्यावं. त्याचं शिशाचं टोक आत शिरल्यावर पसरतं आणि जोर जनावरातच संपतो. पूर्ण धातूचं आवरण असलेली गोळी छोटं भोक पाडून पलीकडे निघून जाते. जनावर जखमी होऊन पळतं, आणि गोळीचा प्रवास सुरूच राहतो.

हा प्रवास किती लांबचा? रायफलची गोळी तीन किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते. वर्धेच्या किंवा वरोऱ्याच्या सपाट पट्ट्यात तीन किलोमीटरमध्ये दोन गावं, एक तांडा आणि डांबरी रस्ता येतो. म्हणून सपाट वावरात .३१५ ला माझं स्पष्ट नाही आहे. डुकराच्या मागे टेकडीचा उतार किंवा उंच मातीचा बांध असेल, तर मात्र तिच्या नेमाला बारा बोअर गाठू शकत नाही. .३०-०६ वाल्यांनाही हाच हिशोब लागू. तिची गोळी आणखी वेगाने जाते, म्हणजे मागची भिंत आणखी खात्रीची हवी. .२२ चा विचार डुकरासाठी करूच नका. ४० ग्रेनची ती बारीक गोळी डुकराला फक्त छळते, आणि चुकली तर दीड किलोमीटर जाते.

रात्रीचं एक सांगतो, कारण बहुतेक बार रात्रीच होतात. टॉर्चच्या उजेडात डुकराचे डोळे फारसे चमकत नाहीत. गाय, कुत्रा, चितळ, रोही, बिबट, वाघ यांच्या डोळ्यांत मागे उजेड परतवणारा थर असतो, तो डुकरात नसतो. म्हणून तुरीत दोन डोळे लखलखले तर बंदूक खाली ठेवा. ते डुक्कर नसण्याचीच शक्यता जास्त. ताडोबा, टिपेश्वर, बोर, उमरेड-करांडलाच्या आजूबाजूच्या गावांत ते काय असू शकतं हे सांगायची गरज नाही. पूर्ण अंग दिसल्याशिवाय घोडा ओढायचा नाही. कोणतंही काडतूस या चुकीतून वाचवत नाही.

काडतुसाची लांबी हा कंटाळवाणा वाटणारा पण जिवावर बेतणारा मुद्दा. बारा बोअरमध्ये मुख्यतः ६५ आणि ७० मिलिमीटर अशा दोन लांबी येतात, आणि ही लांबी बार झाल्यावर उघडलेल्या केसची (काडतुसाच्या नळकांड्याची) असते. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या खोलीत (नळीत काडतूस बसतं ती जागा) न अडता बसतं, आणि फसगत तिथेच होते. बार होताना तोंड उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो. आजोबांच्या काळातली विलायती दुनळी असेल तर खोली मोजल्याशिवाय ७० घेऊ नका. घरात वीस बोअरची बंदूकही असेल तर दोन्हींची काडतुसं एका पिशवीत कधीच ठेवू नका. विसाचं काडतूस बाराहून बारीक, ते बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, वरून न दिसल्याने माणूस मागे बाराचं भरतो, आणि नळी फुटते.

गावठी भरलेल्या काडतुसांची आणि कारखान्याच्या काडतुसांची तुलना मी करत नाही. स्वस्त मिळतात म्हणून कोणी आणून देत असेल तर परत पाठवा. दारूचं माप माहीत नसलेलं काडतूस म्हणजे चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर केलेला जुगार. ते बाळगणं बेकायदा आहेच.

आता घ्यायचं कसं? परवान्यावर एका वेळी आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतात ते लिहिलेलं असतं, म्हणून सगळा कोटा एकाच प्रकारात घालवू नका. आधी एलजी आणि एसजीची थोडी-थोडी घ्या. परवानगी असलेल्या रेंजवर जुन्या फ्लेक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ काढा आणि वीस, पंचवीस, तीस मीटरवरून एकेक बार करा. ज्या अंतरावर निदान चार छर्रे वर्तुळात बसतात, ती तुमच्या बंदुकीची हद्द. ते अंतर मचाणापासून पावलांनी मोजून वावरात खुंटी ठोका. खुंटीपलीकडच्या डुकराला जाऊ द्यायचं, ते पीक खात असलं तरी. हे अवघड आहे, मला कळतं. पण जखमी डुकराचा माग काढत रात्री तुरीत शिरणं त्याहून कितीतरी अवघड.

.३१५ चं काडतूस बारा बोअरपेक्षा महाग पडतं, म्हणून लोक नेम तपासायला ते वापरतच नाहीत. रायफलच्या बाबतीत तर हा नेम तपासलाच पाहिजे. खोकं बदललं, लॉट बदलला की गोळी बसण्याची जागा थोडी सरकू शकते, म्हणून हंगामाची काडतुसं शक्यतो एकाच लॉटची मागून घ्या.

ठेवण्यात विदर्भाचं हवामान छळतं. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली काडतुसं भाजून निघतात आणि पावसाळ्यात ओल धरतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या थंड कोपऱ्यात, बंदुकीपासून वेगळी आणि कुलपात ठेवा. केस फुगलेली, पितळ हिरवं पडलेलं किंवा तोंड सैल झालेलं काडतूस भरू नका. बार झाला नाही तर नळी मातीकडे ठेवून पूर्ण अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा, कारण दारू उशिरा पेटू शकते. अशी न फुटलेली आणि जुनी झालेली काडतुसं विहिरीत किंवा चुलीत टाकायची नाहीत. परवान्याच्या दुकानदाराला विचारून किंवा पोलीस ठाण्यात कळवून ती जमा करा आणि पोच घ्या. नूतनीकरणाच्या वेळी हिशोब विचारला तर हीच पोच कामाला येते.