केळवण घरी, बजेट तीन हजार: भिंत रंगवावी, साड्यांचे पडदे शिवावेत की फुलंच आणावीत?

नणंदेच्या मुलाचं लग्न ठरलं आणि पहिल्या केळवणाचा मान आमच्याकडे आला. माणसं बावीस, घर डोंबिवलीतलं वन बीएचके, हातात बारा दिवस. केळवणाची सजावट करून देणाऱ्या एका बाईंना विचारलं. झेंडूच्या माळा, पितळी भांडी, केळीची पानं आणि नवरा-नवरीच्या नावाची पाटी, सगळं मिळून साडेसहा हजार. रात्री भांडी आणि पाटी त्या परत नेणार. तेवढ्या पैशात माझं श्रीखंड, पुऱ्या आणि आचाऱ्याची मदतनीस, सगळं बसत होतं. मग तीन हजारांची मर्यादा घालून घरच्या घरी काय करता येईल ते मांडून बघितलं. यातलं काही या वेळी केलं, काही मागच्या वर्षी बारशाला करून बसले होते. तुमच्याकडेही असंच काही ठरलं असेल तर हा हिशोब उपयोगी पडेल.

बाजारात जायच्या आधी एक काम फुकटात करा. पाहुणे जिथे बसणार तिथे स्वतः बसा. आमच्याकडे पंगत खाली होती. पाटावर बसलं की नजर जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर येते. मी तिथून मोबाइलने चार बाजूंचे फोटो काढले. पडद्याच्या वरची नक्षीदार पट्टी, जिच्यावर मी दिवाळीत पैसे घातले होते, ती एकाही फोटोत नव्हती. दिसत होते सोफ्याचे पाय, त्यामागचा पाण्याचा कॅन, एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरी आणि भिंतीवरचे हातांचे डाग. दुसरी जागा औक्षणाची. सगळे फोटो तिथेच निघतात आणि त्यात सहा-सात फूट रुंद भिंतीपलीकडे काही येत नाही. म्हणजे आख्खं घर सजवायचंच नसतं, या दोन जागा धरायच्या.

घाईत असाल तर एवढंच बघा. आकडे मला पडलेल्या खर्चाचे आहेत, तुमच्याकडे थोडं इकडे-तिकडे होईल.

| पर्याय | खर्च (रु.) | वेळ | टिकतं किती | भाड्याच्या घरात |
|---|---|---|---|---|
| एक भिंत रंगवणं | १,३०० | दोन दिवस, वर दोन दिवस मोकळे | काही वर्षं | मालकाला विचारून |
| जुन्या साड्यांचे पडदे, अभ्रे | ४५० (शिलाई) | शिंपी म्हणेल तेवढा | दोन-तीन वर्षं | बिनधास्त |
| मांजरपाट (कोरं सुती कापड) आणि गेरू (लाल माती) | ३५० | एक संध्याकाळ | गुंडाळून ठेवलं तर पुन्हा पुन्हा | बिनधास्त |
| फुलं | ४०० ते ९०० | आदली रात्र | एक दिवस | बिनधास्त |
| दिवे | ३५० | अर्धा तास | बरीच वर्षं | बिनधास्त |

भिंत रंगवणं

रंग लावल्यावर घर जेवढं बदलतं तेवढं दुसऱ्या कशानेच बदलत नाही, हे खरं. दहा फूट बाय नऊ फुटांची भिंत म्हणजे नव्वद चौरस फूट. त्यावर दोन हात (थर) द्यायला साधारण सव्वा ते दीड लिटर इमल्शन (पुसता येणारा प्लास्टिक रंग) लागतं. सोबत किलोभर पुट्टी, दोन-तीन काचकागद, नऊ इंची रोलर, कडांसाठी ब्रश आणि कागदी चिकटपट्टी. डिस्टेंपर याहून स्वस्त पडतो, पण त्यावर ओलं फडकं फिरवलं की रंग फडक्यावर येतो आणि टेकून बसणाऱ्याच्या पाठीवरही. वीस माणसं भिंतीला टेकून बसणार असतील तर इमल्शनच घ्या.

खरं काम रंगाआधीचं. पोपडे खरवडायचे, भोकं पुट्टीने भरायची, ती वाळली की घासायची, धूळ पुसायची आणि मग पहिला हात. दुसऱ्या हाताआधी चार-सहा तास जाऊ द्यायचे. ज्याला वाटतं रंगकाम म्हणजे रोलर फिरवणं, त्याने आधी घासायला बसावं.

आणि ओल. पावसाळा संपल्या संपल्या भिंत वरून कोरडी दिसते, आत पाणी असतं. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून एक-दोन दिवस ठेवा. आतून थेंब दिसले किंवा भिंत काळसर झाली तर त्या भिंतीला हात लावू नका, महिन्याभरात पोपडे परत येतील. तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त सुरू होतात तेव्हा हवा कोरडी असते, तो काळ रंगाला चांगला.

माझी चूक छटेची झाली. कार्डावर दोन इंचांच्या चौकोनात जी मोहरी छान वाटली, ती आख्ख्या भिंतीवर हळदीच्या कार्यक्रमासारखी दिसायला लागली. मोठ्या जागेवर रंग नेहमी गडद वाटतो, म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घ्यायची हे मला दुकानदाराने नंतर सांगितलं. बारशाच्या सगळ्या फोटोंत बाळाला कावीळ झाल्यासारखी दिसते.

जुन्या साड्या

हा माझा आवडता पर्याय, त्यामुळे थोडं लांबणार आहे.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. पन्हा, म्हणजे रुंदी, पंचेचाळीस इंचांच्या आसपास. दाराचा सात फुटी पडदा वरच्या-खालच्या दुमडीसह साडेसात फूट कापड खातो. दोन पडद्यांना पंधरा फूट गेले की तीन फूट उरतात आणि त्यात सोळा इंची उशांचे दोन अभ्रे बसतात, मागे चेन न लावता एकमेकांवर येणाऱ्या पट्टीचे. एका साडीत एक दार आणि दोन उशा. मी उरलेले तीन अभ्रे दुसऱ्या साडीच्या पदरातून काढले. पडद्याचे सव्वाशे, अभ्र्याचे चाळीस अशी शिलाई पडली.

एक गोष्ट मात्र कापण्याआधी बघा. साडी आपण आडवी गुंडाळतो, म्हणून तिच्यावरची कोयरी किंवा मोर पन्ह्याच्या दिशेने उभा असतो. तीच साडी पडदा म्हणून उभी सोडली की मोर आडवा होतो. माझ्या पहिल्या पडद्यावर सगळे मोर झोपलेले आहेत. शिंप्याला वाटलं मला तसंच हवंय! उभ्या पडद्यासाठी चौकडीची, रेघांची किंवा साधी काठापदराची साडी घ्यावी. काठ दोन्ही बाजूंनी उभे येतात, ते सुरेख दिसतात. नक्षीची साडी आवडतच असेल तर ती बुटक्या खिडकीला आडवी लावा. पन्हा पुरतो, काठ खाली येतो, मोर उभे राहतात आणि कात्री लावावीच लागत नाही.

कापड कुठलं? सुती इरकल किंवा नारायणपेठ असेल तर उत्तम. सुती साडी आधी एकदा धुऊन खळ काढून टाका, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर पडदा घोट्यावरून पोटरीवर येतो. जुनी रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली असेल तर नेमकी घडीवर विरते. दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून बघा. टर्रकन आवाज आला तर ती साडी आठवण म्हणून ठेवा. खऱ्या जरीची तर कापूच नये.

आणि परवानगी. मी कपाटातून तीन साड्या काढल्या. "आई, ही घेऊ?" तर सासूबाई म्हणाल्या, "ती राहू दे, ह्यांनी पहिल्या बोनसची आणली होती." दुसरी मावससासूंनी दिलेली. तिसरी कुणी दिली ते आठवेना, ती मिळाली. तेव्हा बारा दिवसांतले दोन या वाटाघाटींचे धरा.

औक्षणाच्या भिंतीला मात्र दोन साड्या न कापताच लावल्या. सात फुटांवर दोन खिळे, त्यावर आडवा पीव्हीसी पाइप, त्यावरून प्रत्येक साडी मधोमध घडी घालून शेजारी शेजारी सोडली. साडेसात फूट रुंदी मिळाली, खाली उरलेलं कापड पाटामागे सारलं. त्या "पहिल्या बोनसच्या" साडीला इथे मात्र सासूबाईंनी स्वतःहून जागा मागितली.

मांजरपाटावर गेरू

भाड्याच्या घरात रंगवायची हौस असेल तर हा मधला मार्ग. दोन मीटर मांजरपाट घ्या. गेरूत पाणी आणि थोडा फेविकॉल कालवून ब्रशने लावा. फेविकॉल नसेल तर गेरू वाळल्यावर भुकटी होऊन झडतो. वरून पांढऱ्या रंगाने वारली पद्धतीची माणसं काढा. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस उभा राहतो, त्यामुळे चित्रकला न येणाऱ्यालाही जमतं. नंतर घडी घालू नका, तडे जातात. पाइपला गुंडाळून ठेवा.

जाता जाता, वारली चित्राचं मूळ लग्नातच आहे. पालघर, डहाणू, जव्हारकडे घराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात आणि त्यात पालघाट देवी असते. तो पूजेचा चौक आहे. म्हणून मी फक्त तारपा नाच आणि झाडं काढली, चौक पडद्यावर उतरवला नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र लग्नाच्या भिंतीबाहेर जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या मांजरपाटावरचे नाचणारे मात्र भाच्याला "लोकलला लटकलेली माणसं" वाटले.

फुलं

फुलांइतकी प्रसन्नता दुसऱ्या कशाने येत नाही, आणि फुलांइतके पैसे एका दिवसात दुसऱ्या कशात जात नाहीत. एक किलो झेंडूची घट्ट माळ केली तर बारा-पंधरा फूट होते. दाराची चौकट दोन्ही बाजूंनी सजवायची तर सतरा फूट लागते. म्हणजे नुसत्या दाराला सव्वा किलो. भिंत फुलांनी भरायचा विचार मनात आला तर हा हिशोब आठवा.

मी फुलं फक्त दाराला आणि ताटांभोवती ठेवली. दादरच्या फूल बाजारात पहाटे जायची तयारी असेल तर नाक्यावरच्या दुकानापेक्षा बरंच स्वस्त पडतं, पण एक-दोन किलोसाठी लोकलने जाऊन येणं मला परवडलं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या भावात तिप्पट-चौपट फरक मी स्वतः दिलाय, त्यामुळे तारीख बघून ठरवा. माळ आदल्या रात्री दाभणाने ओवून ओल्या कापडात ठेवा, फ्रीजमध्ये कोंबू नका. आंब्याची पानं मध्ये घातली की फुलं निम्मी लागतात. पंगतीभोवती पांढरी रांगोळी आणि कडेला पाकळ्या, झालं. मात्र जिथून वाढपी फिरणार तिथे रांगोळी नको. पहिल्या वाढीतच ती वरणाच्या भांड्यासोबत स्वयंपाकघरात जाते.

दिवे

सगळ्यात कमी बोलण्यासारखं आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं. बहुतेक घरांत पांढरीफेक ट्यूब असते. तिच्याखाली जेवणही फिकं दिसतं आणि माणसंही. खोक्यावर "वॉर्म व्हाइट" किंवा २७००K ते ३०००K लिहिलेले नऊ वॉटचे दोन एलईडी बल्ब आणा, एक कोपऱ्यात खाली ठेवा, दुसरा साडीच्या मागे. त्या दिवशी ट्यूब बंद. एक साधी माळ खिडकीला. संध्याकाळी सहा ते बारा दोन्ही बल्ब जळले तरी अर्धं युनिटही होत नाही. समई असेल तर ती औक्षणापाशी, पण लोंबत्या पडद्यापासून हातभर लांब.

दुपारचं केळवण असेल तर मात्र यातला निम्मा खर्च वाया.

कागद आणि स्टिकर

पतंगाच्या कागदाची तोरणं मुलांना गुंतवून ठेवायला छान, बाकी दमट हवेत संध्याकाळपर्यंत मान टाकतात. थर्माकोलची अक्षरं कुणी सुचवलीच तर महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदी आहे. नावांची पाटी पुठ्ठ्यावर करा. भिंतीला चिकटणारे वॉलपेपर स्टिकर मला अजिबात पटले नाहीत. डिस्टेंपरवर ते नीट चिकटत नाहीत आणि इमल्शनवरून काढताना रंगाचे पापुद्रे घेऊन येतात. अकरा महिन्यांच्या करारावर राहत असाल तर तो स्टिकर डिपॉझिटमधून वसूल होतो.

मग काय निवडायचं

स्वतःचं घर, भिंत खरंच वाईट आणि हातात दोन शनिवार-रविवार असतील तर रंग. एवढ्या पैशात इतकी वर्षं टिकणारं दुसरं काही नाही. फक्त शेवटचा हात आणि पाहुणे यांच्यात दोन दिवस ठेवा. भिंत ठीकठाक असेल तर रंगाच्या नादी लागू नका, साड्या काढा.

भाड्याचं घर असेल तर साड्या, मांजरपाट, दिवे. मी हेच केलं आणि वर दाराला चारशेची फुलं, एकूण साडेपंधराशे. उरलेल्या पैशात ताटांखाली अंथरायला केळीची पानं आणि भाच्यासाठी आहेर आला. शिंप्याने वेळ पाळली नाही तर काय, हा प्रश्न येईलच. अभ्रे हाताने धावदोऱ्यानेही होतात, पडदा तेवढा न कापता लावायचा.

दोनच दिवस उरले असतील तर शिंपी, रंग सगळं विसरा. दोन बल्ब, न कापलेल्या दोन साड्या, दाराला तोरण. आणि एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरी सोफ्यामागे सारा. मी इतकं सांगूनही त्या राहिल्याच होत्या, आणि औक्षणाच्या सगळ्यात चांगल्या फोटोत भाच्याच्या पाटाशेजारी पांढरा बोर्ड लाल दिवा लावून बसलेला आहे.