पायावरचा चामखिळीसारखा चट्टा: काळी बुरशी की कॅन्सर?

शेतात अनवाणी राबणाऱ्याच्या पायावर वर्षानुवर्षे वाढणारा खरखरीत चट्टा. बायोप्सीत बाह्यत्वचेच्या जिभा वेड्यावाकड्या खोल उतरलेल्या दिसतात आणि रिपोर्टवर 'स्क्वेमस सेल कार्सिनोमा', म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, उमटतो. क्रोमोब्लास्टोमायकोसिस या बुरशीच्या संसर्गातही हुबेहूब असंच दिसतं. ती वाढ मात्र खोटी, कॅन्सरची नव्हे.

कॅन्सरमध्ये पेशींची केंद्रकं मोठी, गडद, एकसारखी नसलेली. पेशीविभाजन विचित्र, कधी मज्जातंतूभोवती घुसखोरी. बुरशीच्या संसर्गात त्वचेच्या पेशी बऱ्याच शहाण्या असतात, पण त्यांच्यात पूचे बारीक साठे आणि खाली ग्रॅन्युलोमा, म्हणजे संरक्षक पेशींच्या गाठी. तिथल्या महापेशींत (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशींत) ५ ते १२ मायक्रॉनचे, जाड भिंतीचे, तांब्याच्या नाण्यासारखे तपकिरी गोळे शोधा; तीच बुरशी. काहींत मधोमध आडवी-उभी भिंत दिसते. रंग त्यांचा स्वतःचाच, त्यामुळे नेहमीच्या एच अँड ई रंगाने रंगवलेल्या साध्या स्लाइडवरही ते सापडतात. पीएएस हे बुरशी दाखवणारं खास रंजन करावंच, पण त्याआधी डोळे लावून बघावं.

चूक बहुधा नमुन्यातच होते. वरवर खरवडलेल्या तुकड्यात खालची त्वचा येतच नाही, मग निदान करणारा तरी काय करणार? चरबीपर्यंतचा तुकडा घ्या आणि दोन भाग करा: एक स्लाइडसाठी फॉर्मेलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघण्यासाठी. सगळाच फॉर्मेलिनमध्ये बुडवला की बुरशी मरते, कल्चर संपलं. बुरशी सावकाश उगवते. प्लेट ४ ते ६ आठवडे ठेवावी लागते.

फरक जिवावरचा आहे: कॅन्सरला शस्त्रक्रिया, बुरशीला महिनोन्‌महिने इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध. मात्र जुनाट चट्ट्यात क्वचित खरा कॅन्सरही उद्भवतो, म्हणून गोळे दिसले तरी केंद्रकं तपासायचं सोडू नका.