थर्मोस्टॅट काढून सात महिने फिरलो, अंबडच्या काकांनी शुद्धीवर आणलं

आधी आमचा शहाणपणा सांगतो. मागच्या मे मध्ये मुंबईहून येताना कसारा घाटात गाडी हीट मारायला लागली, बीएस६ डिझेल आहे, कशीबशी इगतपुरीपर्यंत आणली, मग नाशकात घराजवळच्या एका मेकॅनिकला दाखवली तर त्याने थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला, वर बोअरचं पाणी भरलं आणि म्हणाला आता जन्मात गरम होणार नाही. आणि खरंच नाही झाली. मीपण खुश.

डिसेंबरात नाटक सुरू. सकाळी हीटर लावला की नुसता कोमट वारा, ॲव्हरेज १९ वरून १५ वर, आणि वरून डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा. हायवेला पळवली की जातो म्हणतात म्हणून सिन्नरपर्यंत जाऊन आलो, दिवा तसाच. मग ऑफिसातल्या एकाने अंबड एमआयडीसीतलं हे गॅरेज सांगितलं.

गॅरेजवाल्या काकांनी बोनेटला हात न लावता आधी स्कॅनर जोडला आणि म्हणाले बसा, पपया नर्सरीपर्यंत चक्कर मारू. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) तापमानाचा आकडा ६२ च्या वर जाईचना, मोकळा रस्ता लागला की उलट ५८. "अहो हे ९० च्या आसपास चालायचं इंजिन, तुम्ही त्याला स्वेटर काढून फिरवताय." जास्त तापलं की हेड वाकतं, गॅसकेट जातं हे आपल्याला माहीत असतं, पण कमी तापलं तरी वाट लागते हे मला तेव्हा कळलं. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून थंडच आहे म्हणून तो जास्त डिझेल सोडत राहतो, आणि डीपीएफमधली काजळी जाळायचं काम कूलंट पुरेसं तापल्याशिवाय तो सुरूच करत नाही, मग मी सिन्नर काय धुळ्यापर्यंत गेलो असतो तरी दिवा जाणार नव्हता. ऑइल फिलरचं झाकण उघडून दाखवलं तर आतून पांढरट साय धरलेली, ऑइल नीट तापत नाही म्हणून त्यातली वाफ तिथेच बसते.

आणि मे मधल्या हीटचं मूळ कारण काय तर रेडिएटरच्या कॅपचं रबर कडक झालेलं! प्रेशर टिकला तर कूलंट १०० च्या बऱ्याच वर गेलं तरी उकळत नाही, इथे प्रेशरच धरत नव्हता. म्हणजे दुखणं कॅपचं आणि ऑपरेशन थर्मोस्टॅटचं.

सगळ्यात आवडलं ते हे, नवीन थर्मोस्टॅट बसवायच्या आधी पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून दाखवला. त्यावर ८२ छापलेलं, ८२-८३ ला हळूच उघडायला लागला, पाणी निवलं की परत बंद. (त्या पातेल्यात नंतर चहा होत नाही ना, विचारून घेतलं.) मग सिस्टीम फ्लश, कॅप नवीन, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, ऑइल बदललं. परत त्याच रस्त्याला चक्कर, आकडा ८८ ते ९१, हलायला तयार नाही. तिसऱ्या दिवशी हायवेला दिवा आपोआप गेला.

ऑइल धरून साडेसात हजार झाले, जुने पार्ट पिशवीत घालून हातात दिले. तक्रार एकच, उद्या देतो म्हणाले आणि पार्ट यायला तीन दिवस लावले, फोन तर उचलतच नाहीत. सरळ सकाळी १० च्या आत जाऊन उभे राहा, शनिवारी बंद असतं.